भिडूला सांगा, आपल्याकडे काय नाही!

घरच्या डावात भिडूला हळूच डोळा मारता येतो. ब्रिजमध्ये ती सोय नाही! एच.सी.एल.ची ब्रिज स्पर्धा २००३ साली सुरू झाली. दिल्ली परिसरात रंगणाऱ्या या स्पर्धेत पेटीतून बोलीची कार्डे काढायची, बाकी अवाक्षर नाही. हातात काय आहे, ते बोलीनेच कळवायचे; काय नाही, तेसुद्धा.

भिडूने 'एक इस्पिक' म्हटले. आपल्याकडे राणीसह चार इस्पिक, बदामचा राजा, किलवरचे एक्का-राणी आणि चौकटचे एकच पान. अशा वेळी मधल्या पायऱ्या गाळून एकदम 'चार चौकट' म्हणतात. अर्थ असा, की इस्पिक हुकूम मान्य, पण चौकटचे फार तर एक पान! ही 'स्प्लिंटर' बोली. अमेरिकेच्या डोरोथी हेडन ट्रस्कॉट यांनी ती रूढ केली.

आता भिडू नव्याने मोजतो. त्याच्याकडे इस्पिकचे एक्का-राजा, बदामचा एक्का, किलवरचा राजा आणि चौकटची तीन फुटकळ पाने असतील, तर गुण १४. एक चौकट जाईल, उरलेल्या हुकमाने कापता येतील. तो बारा हातांकडे वळतो. बदामच्या एक्क्याऐवजी चौकटचे राजा-राणी असते, तर गुण १५. पण दोन एक्के समोरच्यांकडे! मग शहाणा भिडू 'चार इस्पिक'वरच थांबतो.

मात्र हा संकेत आधी ठरलेला हवा, आणि प्रतिपक्षालाही माहीत हवा. भिडू विसरला आणि 'पास' म्हणाला, तर चौकट हुकूम होते, आणि आपल्या हातात तिचे पान एकच! भिडू म्हणजे नवराबायको असतील, तर घरी पोचेपर्यंत गाडीतही अवाक्षर नाही.