शेजाऱ्याचे फाटक आणि हरवलेले मांजर

मांजर हरवले की घरातले माणूस हरवल्यासारखे होते. इफ्तारच्या वेळी दस्तरखानाच्या कडेला येऊन बसणारे, मुलांच्या ताटातल्या माशावर डोळा ठेवणारे ते मांजर दोन दिवस दिसले नाही, तर लहानग्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मग मोबाइलवर फोटो फिरू लागतो. सोबत बक्षिसाची ओळही असते. निरोप मोहल्ल्यातून आळीत जातो, आळीतून पलीकडच्या वाडीत. तरावीहची नमाज आटोपली की पोरांच्या हातात बॅटऱ्या येतात. त्यातली निम्मी पोरे तर मांजराच्या मालकालाही ओळखीची नसतात. गडग्यावरून उड्या पडतात, लाकडांची रास उपसली जाते, विहिरीत उजेड मारला जातो.

तेवढ्यात शेजारच्या पडवीतला दिवा लागतो.

"कोण आहे रे तिकडे?"

"काका, मांजर बघतोय."

"मांजर बघायला माझ्या बागेत? या वेळेला? कोणाचे तुम्ही?"

कोकणातल्या कुठल्याही गावात घडावी अशी ही गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी तिची दोन रूपे होतात. एका घरात म्हणतात, "साधे मांजर शोधू देत नाहीत." दुसऱ्या घरात म्हणतात, "साधे विचारता येत नाही." दोन्ही वाक्यांत थोडे थोडे खरे असते, म्हणूनच भांडण मिटत नाही. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ ज्या वाटेने वर्षानुवर्षे गेला, त्या वाटेवर गवत वाढते. गाव मिश्र वस्तीचे असेल तर आणखी एक भीती असते. 'अमक्याची पोरे' हा शब्द जाऊन 'त्यांची पोरे' हा शब्द यायला एक रात्र पुरते. मांजर मग बाजूलाच राहते.

बागेच्या मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. सध्या तो आंबा-काजूच्या हंगामात येतो. झाडाला कैरी धरलेली असते, फवारणी झालेली असते, काजूची बी गोळा करायची असते. वर्षाचे पोट ज्या झाडांवर आहे, त्यांच्याखाली रात्री अनोळखी पावले वाजली तर कुणाचीही झोप उडेल. शिवाय माकडे आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आता बऱ्याच ठिकाणी झटका देणारी तार लावतात. जुन्या विहिरींना कठडा असतोच असे नाही. अंधारात एखादे पोर पडले किंवा पाचोळ्यात जनावरावर पाय पडला, तर त्याचा जाब त्याच मालकाला द्यावा लागतो.

आणि कोकणातले घर दरवाजापाशी सुरू होत नाही. अंगण, मागीलदार, न्हाणी, विहीर, गोठा हे सारे घरच असते. मागीलदारी घरातल्या बायका मोकळेपणाने वावरतात. तिथे बॅटरीचा झोत पडणे म्हणजे घरात झोत पडणे.

कायदा याबाबत काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्ये अतिक्रमणाची तरतूद आहे. गुन्हा करण्याच्या किंवा जागेचा ताबा असणाऱ्याला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत शिरणे हा गुन्हा आहे. साध्या फौजदारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. राहत्या घरात शिरल्यास कैदेची मर्यादा एक वर्षापर्यंत जाते. मांजर शोधणाऱ्याचा असा हेतू नसतो, म्हणून प्रकरण सहसा गुन्ह्यापर्यंत जात नाही. पण गुन्हा ठरत नाही म्हणजे आत जाण्याचा हक्क मिळाला असे नव्हे. मालकाने 'बाहेर व्हा' म्हटल्यावर त्याला डिवचत तिथेच उभे राहिले, तर निर्मळ हेतूची सबब फार वेळ टिकत नाही.

मात्र शेजारी राहणाऱ्या माणसांचे प्रश्न पोलीस ठाण्यात गेले, की सुटण्याऐवजी कायमचे होतात. त्याच्या अलीकडेच थांबण्याची एक जुनी रीत कुरआनच्या चोविसाव्या अध्यायात, सूरह नूरमध्ये सांगितली आहे. आपल्या घराखेरीज इतरांच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि तिथल्या माणसांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये, असा आदेश सत्ताविसाव्या आयतीत आहे. पुढची आयत त्याहून बारीक आहे. घरात कुणी नसेल तरीही परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नये. आणि परत जा असे सांगितले तर परत जावे, त्यातच जास्त पावित्र्य आहे.

'घरात कुणी नसेल तरीही' हे शब्द कोकणाला फार लागू पडतात. इथे कितीतरी घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असते. माणसे मुंबईत, पुण्यात, आखातात. बंद घराच्या फुटक्या कौलातून मांजर आत जाणे ही रोजची गोष्ट आहे. पण घर बंद आहे म्हणून ते बेवारस होत नाही. मालकाला एक फोन करावा, किल्ली कुणाकडे आहे ते विचारावे, आणि किल्लीवाल्याला सोबत घेऊन जावे. कौले काढून आत उतरणारा माणूस मांजरासाठी उतरला की भांड्यांसाठी, हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही.

'परत जा' हे ऐकणे सर्वांत जड जाते. नकार म्हणजे अपमान असे आपण धरून चालतो. याविषयी हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या दारी गेले. तीन वेळा परवानगी मागितली, उत्तर आले नाही, तेव्हा ते परत फिरले. पुढे हजरत उमर यांनी विचारले, की परत का गेलात? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हीच शिकवण दिली आहे, तीनदा विचारावे आणि परवानगी मिळाली नाही तर परतावे, असे त्यांनी सांगितले. हजरत उमर यांनी साक्षीदार मागितला आणि हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी तशी साक्ष दिली. परतणाऱ्याने राग धरला नाही आणि दार न उघडणाऱ्यानेही तो अपमान मानला नाही. स्वतः प्रेषित (स.) कुणाच्या दारी गेले की दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, कारण त्या काळी दारांना पडदे नसत. आत जाणे तर दूरच, आत नजर जाऊ नये याचीही काळजी होती.

इथे एक अडचण उभी राहते. मांजराचा स्वभाव असा, की ते घाबरले म्हणजे जवळच कुठेतरी दडते आणि गप्प बसते. मालकाने हाक मारली तरी ओ देत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बाराशेहून अधिक हरवलेल्या मांजरांच्या एका पाहणीत सापडलेल्यांपैकी सुमारे पाऊणपट मांजरे 500 मीटरच्या आतच मिळाली होती. म्हणजे शोध बहुधा शेजाऱ्यांच्याच आवारात घ्यावा लागतो. मांजर बाहेर पडते ते सारे सामसूम झाल्यावर, पहाटेच्या सुमारास. अंधारात बॅटरी मारली की त्याचे डोळे चमकतात, कारण बुबुळामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. रमजानमध्ये या वेळी घराघरांत सहेरीसाठी जाग असते. शोधासाठी याहून चांगली वेळ नाही.

पण हीच वेळ दुसऱ्याच्या खासगीपणाचीही आहे. सूरह नूरच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत तीन वेळा सांगितल्या आहेत: पहाटेच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे सैल करून विसावताना आणि रात्रीच्या नमाजनंतर. या तीन वेळी घरातल्या लहान मुलांनी आणि नोकरचाकरांनीसुद्धा विचारल्याशिवाय आत येऊ नये, असे तिथे म्हटले आहे. घरच्यांना जिथे हा नियम, तिथे परक्यांचे काय? तरावीहनंतरची रात्र आणि सहेरीपूर्वीची पहाट, म्हणजे रमजानमध्ये पोरे हमखास शोधायला निघतात त्या दोन्ही वेळा, या यादीत आहेत.

ही अडचण सुटते ती आदल्या संध्याकाळी. अस्रची नमाज झाली की उजेड असताना मालकाने स्वतः, घरातल्या एखाद्या मुलाला घेऊन, शेजाऱ्याच्या फाटकाशी जावे. बाहेरूनच हाक द्यावी. मांजराचा फोटो दाखवावा आणि विचारावे, "काकी, पहाटे मागच्या बाजूला मी एकटा बॅटरी घेऊन आलो तर चालेल का?" काकी म्हणतील, "ये, पण विहिरीकडे जाऊ नको." किंवा म्हणतील, "नको, सासूबाई आजारी आहेत, मीच बघते." दोन्ही उत्तरे घेऊन समाधानाने परत यावे. मांजराच्या दृष्टीनेही हेच बरे. दहा पोरांचा गलबला ऐकला की ते आणखी आत दडते किंवा घाबरून लांब पळते. ओळखीचा एक आवाज, खाण्याचा वाडगा आणि त्याच्या निजण्याचे फडके यांनी जे होते, ते टोळक्याने होत नाही.

फाटकाच्या आतल्या माणसावरही एक जबाबदारी येते. नाही म्हणण्याचा त्याला हक्क आहे. पण नाही म्हटल्यावर स्वतः बघण्याचे काम त्याचे होते. मांजर कधी आठवडाभर न उघडलेल्या कोठीत, माळ्यावर, पंपाच्या खोलीत अडकलेले असते. दार लागले तेव्हा ते आत होते, एवढाच त्याचा गुन्हा. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सांगितलेली हदीस प्रसिद्ध आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायलाही मोकळे सोडले नाही. त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली. शेजारी रागावला म्हणून कोठी उघडायची नाही, हा सूड शेजाऱ्यावर नसतो, त्या मुक्या जीवावर असतो. उलट हजरत अबू कतादा (रजि.) यांच्याविषयी सांगतात, की त्यांच्यासाठी वुजूचे पाणी ओतले असता मांजर प्यायला आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून त्याला पिऊ दिले. मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याची आठवण त्यांनी दिली. अवतीभवती फिरणाऱ्याला कुंपण कळत नाही. ते माणसांनी आपसांत समजून घ्यायचे असते.

या साऱ्याला एक गंभीर बाजू आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक चोर असल्याच्या अफवेने बळी पडले. मोबाइलवरून पसरलेली भीती आणि अनोळखी चेहरा एकत्र आले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बक्षिसाच्या आशेने रात्री परक्या वाडीत शिरणारी पोरे कुणाची तरी लेकरे असतात. त्यांना तिथे पाठवणारा निरोप आपल्याच फोनवरून गेलेला असतो.

म्हणून मांजराचा फोटो पाठवताना त्याखाली दोन ओळी जास्त लिहाव्यात: 'कृपया कुणाच्याही आवारात शिरू नये. मांजर दिसल्यास लांबूनच फोटो काढून कळवावे.' बक्षिसाचा आकडा लिहू नये. जो कळवेल त्याला नंतर आपणहून काय द्यायचे ते द्यावे. इतर मोहल्ल्यांतून मदतीला आलेल्या पोरांना रस्ता, गटारे, पटांगण, मशिदीमागची मोकळी जागा नेमून द्यावी. फाटकाच्या आतले काम घरच्यांचे.

आणि चूक होऊन गेली असेल, गडग्याचे चिरे ढासळले असतील, कैऱ्या झडल्या असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतः जाऊन चिरे रचून द्यावेत, नुकसान विचारावे. पोरांना सोबत न्यावे, म्हणजे माफी कशी मागतात ते त्यांनाही कळेल. रोजा पोटाला थांबायला शिकवतो. उघड्या फाटकासमोर, कुणी बघत नसतानाही पावलांनी थांबावे, हीसुद्धा त्याचीच शिकवण आहे. इफ्तारला शेजाऱ्याकडे ताट पाठवण्याची रीत आहेच. त्या ताटासोबत मांजराची चौकशी गेली, तर शेजारी बहुधा तिथल्या तिथे उठून कोठीचे दार उघडून बघतो.