आधी कॉलेज, मग विद्यापीठ

दर 14 जानेवारीला, संक्रांतीच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या कमानीपाशी उभं राहायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून ट्रक भरभरून माणसं येतात. कडेवरच्या लेकराला आई कमानीला हात जोडायला लावते, मग पुस्तकांच्या स्टॉलकडे वळते. त्या गर्दीतल्या अनेकांनी आतल्या एकाही वर्गात कधी पाऊल ठेवलेलं नसतं. विद्यापीठाच्या दारासमोर असा लोटणारा लोक मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

याचं मूळ जवळच्याच नागसेनवनात आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा होती उर्दू. गावकुसाबाहेरच्या पोरासाठी तर तो विचारही लांबचा. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभारलं आणि 1950 मध्ये इथे कॉलेज सुरू केलं. पुढे या कॉलेजला नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावणारा ग्रीक राजा. कॉलेजला गुरूचं नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव! गुरूच्या वाट्याला आवार आलं. मला हा निवडीचा नेमकेपणा फार आवडतो.

प्रश्न विचारणारी माणसं इथे खरोखरच होती. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. इथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि दलित साहित्याला हक्काचं पान मिळालं.

मराठवाडा विद्यापीठ आलं ते 1958 मध्ये, म्हणजे मिलिंदच्या आठ वर्षांनी. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. सरकारने अंमलबजावणी लांबवली. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. तडजोडच ती. पण सोळा वर्षं रस्त्यावर उतरून माणसांनी मागितलेलं नाव आहे हे, कुणी वरून चिकटवलेलं नव्हे.

कधी 14 जानेवारीला गेलात, तर रिक्षा नागसेनवनापाशीच सोडा आणि तिथून गेटपर्यंत गर्दीबरोबर पायी चला.