इमारतीसकट टिपलेले वाद्य

बासरी किंवा सतार एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात नेता येते. पाइप ऑर्गन मात्र ज्या वास्तूसाठी घडवला जातो, तिच्या भिंती, तिचे छत आणि त्यांच्यामधली पोकळी यांच्यासह मिळून एक वाद्य बनतो, आणि म्हणून वास्तूवर कोसळणारे संकट त्याच्यावरही कोसळते. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली, तेव्हा तिथला सुमारे आठ हजार नळ्यांचा मोठा ऑर्गन जळाला नाही, परंतु छतावरील वितळलेल्या शिशाची धूळ त्याच्या अंगभर बसली. तो सुटा करून, साफ करून, पुन्हा उभारून आणि कित्येक महिने रात्रीच्या शांततेत सुरात लावून डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा वाजता झाला. फ्रान्समधल्याच नांत शहरातील कॅथीड्रलचा ऑर्गन तेवढा भाग्यवान ठरला नाही. १६२१ साली उभारलेले आणि फ्रेंच राज्यक्रांतीतून व १९४४ च्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेले ते वाद्य १८ जुलै २०२० रोजी आगीत नष्ट झाले. अशा घटनांनंतर एक प्रश्न साहजिकच विचारला जातो, की ऐतिहासिक ऑर्गनचा प्रत्येक स्वर आधीच ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवला, तर ते वाद्य वाचले असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेपेक्षा ध्वनिशास्त्राकडे मागणे अधिक इष्ट आहे.

मराठी वाचकाच्या मनात ‘ऑर्गन’ या शब्दाने प्रथम संगीत नाटकाच्या रंगमंचासमोरचा, पायांनी भाता मारून वाजवायचा ऑर्गन उभा राहतो. तो हार्मोनियमचाच आप्त होय, कारण दोहोंमध्ये पितळी सूर हवेने कंप पावतात. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या मोजक्या ठिकाणी पाहायला मिळणारा पाइप ऑर्गन याहून निराळा आहे. त्यात भात्यातली किंवा विजेच्या पंख्याने भरलेली हवा एका पेटीत ठराविक दाबाखाली साठवलेली असते, पट्टी दाबली की त्या पेटीवरील झडप उघडते आणि हवा एका विशिष्ट नळीत शिरते. एका नळीतून एकच स्वर निघतो. त्यामुळे एकाच जातीच्या आवाजासाठी प्रत्येक पट्टीला एक, अशी नळ्यांची पूर्ण रांग लागते, आणि ही रांग चालू-बंद करणाऱ्या खुंटीला स्टॉप म्हणतात. ज्या रांगेतील सर्वांत मोठी उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असते, तिचा सर्वांत खालचा स्वर, म्हणजे खर्जातली पांढरी एक, सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा असतो. बत्तीस फुटी रांगेत हीच संख्या सोळाच्या आसपास येते, जिथे माणसाचे ऐकणे संपत आलेले असते आणि आवाज कानाइतकाच छातीला जाणवतो. नेदरलँड्समधील झ्वोल्ल येथे आर्प श्निटगर याने हाती घेतलेला आणि त्याच्या मुलांनी १७२१ मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन ६४ स्टॉपांचा आहे, एवढ्यावरून नळ्यांची संख्या हजारांत का जाते हे कळते.

ऑर्गनचा आवाज यंत्रात साठवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ॲलन ऑर्गन कंपनीने १९७१ मध्येच अंकीय तंत्राचा ऑर्गन बाजारात आणला होता. परंतु त्या काळी स्मृतीची जागा इतकी महाग होती, की नळीच्या स्वराचे एखादेच आवर्तन साठवून ते पुन्हा पुन्हा फिरवले जाई. अशा स्वरात जिवंतपणा येत नाही, कारण नळीचा स्वर स्थिरावण्याआधी फुंकरीसारखा एक क्षणिक खुसखुस आवाज करतो, आणि कोणती नळी वाजली हे कान बव्हंशी त्या आरंभावरूनच ओळखतो. या शतकाच्या सुरुवातीस मार्टिन डाइड या ब्रिटिश प्रोग्रॅमरने तयार केलेल्या ‘हाउप्टवेर्क’ या सॉफ्टवेअरने, आणि पुढे ‘ग्रँडऑर्ग’ या विनामूल्य व मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरने, हा मार्ग सोडून प्रत्येक नळीचा आरंभ, मध्य आणि शेवट असा संपूर्ण स्वर वापरण्याचा मार्ग धरला. झ्वोल्लचा ऑर्गन ‘सोनुस पाराडिसी’ या चेक संस्थेने याच पद्धतीने टिपलेला आहे, आणि घरातला साधा कीबोर्ड संगणकाला जोडून तो वाजवता येतो.

या कामाचा आवाका साध्या हिशेबाने ध्यानात येतो. सेकंदाला ९६,००० वेळा आणि दर वेळी २४ बिटांत ध्वनिलहरीची उंची मोजली, तर दोन मायक्रोफोनांच्या एका जोडीसाठी सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात; चार हजार नळ्यांचा ऑर्गन असेल आणि प्रत्येक नळीचे दहा सेकंद घेतले, तर ही नोंद सुमारे २३ गिगाबाइट भरते, आणि मायक्रोफोनांच्या तीन जोड्या निरनिराळ्या अंतरांवर ठेवल्या तर ती तिप्पट होते. प्रत्येक नळी तीन वेळा वाजवली आणि दर वेळी स्वर विरून जाईपर्यंत वीस सेकंद लागले, तर नुसत्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ६७ तास हवेत, आणि तेही रस्त्यावरची रहदारी थांबल्यावरचे. त्यातच तापमानाची भर पडते. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि एका अंशामागे नळीचा स्वर अर्धस्वराच्या सुमारे तीन शतांशांनी चढतो, म्हणून पहिल्या रात्री टिपलेली रांग आणि दहाव्या रात्री टिपलेली रांग एकमेकींशी सुरात राहतीलच याची खात्री नसते.

मात्र सर्वांत कठीण प्रश्न नळीचा नसून इमारतीचा आहे. मायक्रोफोन नळीच्या तोंडाशी ठेवून टिपलेल्या स्वराला या क्षेत्रात ‘कोरडा’ नमुना म्हणतात, तर सभागृहाच्या निनादासह, म्हणजे स्वर थांबल्यावरही भिंतींवर आपटत राहणाऱ्या आवाजासह टिपलेल्या स्वराला ‘ओला’ नमुना म्हणतात. हा निनाद मोजण्याचे शास्त्र ज्याने घडवले, त्या वॉलेस सॅबिन याचे नाव या सॉफ्टवेअरच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही, आणि तरीही या सगळ्या उद्योगाचा पाया त्याने, तोही ऑर्गनच्या एका नळीच्या मदतीने, घातलेला आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे एक वाक्य संपण्याआधी त्याचे आधीचे शब्द कानात मिसळत, आणि हा दोष दूर करण्याचे काम विद्यापीठाने पदार्थविज्ञानाच्या या तरुण अध्यापकावर सोपवले. सॅबिनजवळ ध्वनी मोजणारे विश्वासार्ह यंत्र नव्हते. सेकंदाला ५१२ कंपनांची ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचा कान एवढ्या सामग्रीवर त्याने रात्री-अपरात्री प्रयोग केले. नळी वाजवायची, हवा तोडायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा काळ मोजायचा. रिकाम्या खोलीत हा काळ साडेपाच सेकंदांहून अधिक भरला. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधील बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या थोड्या थोड्या वाढवत तोच प्रयोग पुन्हा करायचा, आणि सकाळ होण्याआधी त्या परत नेऊन ठेवायच्या, असा त्याचा क्रम होता. या गाद्यांच्या हिशेबातूनच निनादकाल खोलीच्या घनफळाच्या समप्रमाणात आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम निघाला, आणि त्याच्याच आधारे उभारलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये खुला झाला.

आजही निनादकाल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दशलक्षांश होण्यास, अर्थात ध्वनिपातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ, अशीच व्याख्या केली जाते. आणि हा दशलक्षाचा आकडा निवडला जाण्याचे मूळ असे, की सॅबिनच्या नळीचा आवाज ऐकू येण्याच्या किमान मर्यादेच्या सुमारे दशलक्षपट होता. एका नळीचा जोर अशा रीतीने जगभरच्या सभागृहांचे माप ठरला.

ऑर्गनचे नमुने घेणाऱ्यांना सॅबिनच्या प्रयोगाचा दुसरा अर्थही उपयोगी पडतो. निनाद विरायला जसा वेळ लागतो, तसाच तो भरून यायलाही लागतो. पट्टी क्षणभरच दाबली, तर मोठ्या चर्चची पोकळी नादाने भरण्याआधीच स्वर थांबतो आणि मागे उरणारा निनाद क्षीण असतो. म्हणून दीर्घ स्वराची शेपटी कापून ऱ्हस्व स्वराला जोडली, तर कानाला लबाडी लगेच समजते. यावर उपाय म्हणून प्रत्येक नळी ऱ्हस्व, मध्यम आणि दीर्घ अशी तीनदा वाजवून तिन्हींच्या शेपट्या स्वतंत्र ठेवल्या जातात आणि वादक पट्टी किती वेळ दाबतो ते पाहून सॉफ्टवेअर योग्य ती शेपटी निवडते. ही युक्ती खरोखर सुंदर आहे, आणि नमुन्यांच्या चांगल्या संचात डोळे मिटून ऐकणारा श्रोता फसतो, हे मान्य करायलाच हवे.

तथापि, ‘हुबेहूब’ हा शब्द जिथे सढळपणे वापरला जातो, तिथे लॉर्ड रेली या दुसऱ्या शास्त्रज्ञाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने असे पाहिले, की जवळजवळ सारख्या स्वराच्या दोन नळ्या शेजारी शेजारी वाजवल्या, तर दोन किंचित वेगळ्या स्वरांमुळे अपेक्षित असलेली आवाजाची चढउतार ऐकू न येता त्या दोन्ही नळ्या एकाच स्वरावर येतात, आणि काही स्थितींत तर परस्परांचा आवाज बराचसा गिळून टाकतात. याचा अर्थ असा, की शेजारच्या नळ्या एकमेकींना ओढतात. त्यांचा एकत्र आवाज हा सुट्या आवाजांची केवळ बेरीज नसतो. ऑर्गन घडवणारे कारागीर हे पूर्वापार जाणून आहेत, आणि लागोपाठचे अर्धस्वर पेटीच्या दोन विरुद्ध बाजूंना मांडण्यामागे तोल आणि शोभा यांच्याबरोबर हेही एक कारण असते. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक नळीचा एकट्याने टिपलेला स्वर घेते आणि मूलतः बेरीजच करते.

हवेच्या बाबतीतही असेच घडते. अनेक स्टॉप उघडून दोन्ही हातांनी आणि पायांनी स्वरसमूह दाबला, की जुन्या भात्यातील दाब क्षणभर उतरतो, सगळ्याच नळ्या किंचित खाली येतात आणि पुन्हा सावरतात. श्वास घेतल्यासारखी ही हालचाल सॉफ्टवेअरमध्ये गणिताने घडवावी लागते, आणि हे गणित कितीही चांगले असले, तरी ते त्या विशिष्ट भात्याच्या कातड्याचे आणि लाकडाचे मोजमाप नसून त्याविषयीचा अंदाज असते. बत्तीस फुटी नळीचा सोळा कंपनांचा नाद हेडफोनमधून छातीपर्यंत पोहोचत नाही, ही मर्यादा तर उघडच आहे.

यावरून नमुना-ऑर्गनचे मूल्य कमी ठरत नाही, तर त्याचे स्थान निश्चित होते. ज्या विद्यार्थ्याला झ्वोल्लला जाणे शक्य नाही त्याच्यासाठी, आणि भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीत मध्यरात्री सराव करू इच्छिणाऱ्या वादकासाठी तो वरदान आहे. जतन या दृष्टीने मात्र तो वाद्याचा वारस नसून त्याचा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजाला लागू होणारी शिस्त त्यालाही लागू व्हायला हवी. विक्रीसाठी तयार केलेल्या संचात पंख्याचा आवाज गाळलेला असतो, सदोष स्वर सुधारलेले असतात, कधी सुरांची जुळणीही बदललेली असते. नांतसारखी आपत्ती ओढवल्यावर पुनर्बांधणी करणाऱ्या कारागिराला हे सुधारित स्वर फारसे उपयोगी पडणार नाहीत. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत त्या रात्रीचे तापमान, भात्यातील दाब आणि मायक्रोफोनांची जागा नोंदवावी, आणि काहीही न गाळलेली मूळ नोंद एखाद्या सार्वजनिक अभिलेखागारात ठेवावी. तसेच, आवाज संगणकात सुरक्षित आहे या समजुतीने प्रत्यक्ष ऑर्गनच्या भात्याचे कातडे बदलण्याचा खर्च पुढे ढकलला जाऊ नये, कारण नवीन नमुने घ्यायचे झाले, तरी ते वाजत्या ऑर्गनकडूनच घ्यावे लागतात.