मऊ पोलाद आणि कोरणीची टाच

संग्राहकांसाठी एकेक करून घडवल्या जाणाऱ्या सुऱ्यांच्या नक्षीकामाविषयी प्रथम ध्यानात घ्यावे ते हे, की सुरीचे पाते सर्वांत आधी नजरेत भरत असले तरी नक्षी बहुधा त्यावर नसते. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केलेल्या पात्याचा कठीणपणा रॉकवेल मापनावर साधारण 58 ते 62 असतो आणि अशा पोलादावर हातकोरणीचे टोक पुन्हा पुन्हा तुटते. म्हणून नक्षीकाराचे काम पाते आणि मूठ यांच्या सांध्याशी बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, म्हणजे बोल्स्टरवर, एकवटते. हा तुकडा पुष्कळदा 416 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा असून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. खिशात मावणाऱ्या घडीच्या सुरीत त्याची लांबी दोन-तीन सेंटिमीटरच भरते, आणि वेलीचे सर्व वळसे तेवढ्यातच बसवावे लागतात.

कोरणी म्हणजे हायस्पीड स्टीलची किंवा टंगस्टन कार्बाइडची बारीक कांडी, जिचे टोक घासून बहुधा 120 अंशांच्या कोनात आणलेले असते. या टोकाच्या खालच्या बाजूस एक अत्यंत लहान पैलू पाडतात. त्यास टाच म्हणता येईल. कांडी पृष्ठभागापासून किंचित उचललेली राहावी आणि टोक धातूत खोल रुतून न बसता पुढे सरकावे, हे या टाचेमुळे साधते; परंतु ती गरजेपेक्षा लांब राहिली, तर लहान वळणावर तिची मागची कड रेघेच्या बाहेरच्या काठाला घासते आणि तेथे एक मळकट चरा उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा चरा ताबडतोब दिसतो, नुसत्या डोळ्याला मात्र वळण कोठेतरी मंद झाल्यासारखे वाटते, इतकेच. कापताना नक्षीकाराचा हात जवळजवळ स्थिर असतो. फिरते ती जड गोलाकार बैठकीची व्हाइस, आणि तिच्यात पकडलेला बोल्स्टर कोरणीकडे वळत जातो. कोरणी कुशीवर कलवली की रेघ रुंदावते, सरळ केली की निमुळती होत संपते. पानाच्या देठाशी जाड आणि टोकाशी केसासारखी असलेली छायेची रेघ अशा रीतीने एकाच ओढीत निघते. टोकाचे पैलू आरशासारखे घासलेले असतील, तर कापाच्या भिंतीही तशाच चकाकतात, कारण हत्याराची झिलई धातूत जशीच्या तशी उतरते. हवेच्या दाबावर सूक्ष्म ठोके देणाऱ्या हातकोरण्यांमुळे आज हातोडीचे श्रम पुष्कळ वाचले आहेत, पण टाच घासण्याचे कसब कोणत्याही यंत्राने वाचवलेले नाही.

इटलीत ब्रेशाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पिया या बंदुकांच्या गावात रुजलेली बुलिनो पद्धत याहून नाजूक आहे. तिच्यात हातोडी न वापरता, केवळ हाताच्या दाबाने उथळ टिंबे आणि रेघा उमटवून प्राण्याची लव किंवा पक्ष्याचे पीस छायाचित्राच्या जवळपास नेले जाते. ही कारागिरी थक्क करणारी आहे. तथापि तिचे काप इतके उथळ असतात, की नित्य हाताळणीने ते झिजतात. सुरीच्या बाबतीत, म्हणूनच, खोल कापाची वेलच अधिक शोभते.

सोने बसवताना हाच खोलीचा प्रश्न निर्णायक ठरतो. उदयपूरच्या शिकलगारांनी जपलेल्या कोफ्तगरीत पोलादावर आडव्यातिडव्या बारीक रेघा पाडून ते खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. महाराष्ट्रातील संग्रहालयांत जुन्या तलवारींच्या मुठींवर ती दिसते आणि जेथे हात घासत असे तेथे विरलेलीही दिसते. आधुनिक सुरीवर मात्र बहुधा खाच खणून तिच्या भिंती खालून आत कोरतात, तळाशी बारीक दात उठवतात आणि 24 कॅरटची तापवून मऊ केलेली तार आत ठोकतात. सोने पसरून भिंतींच्या पोकळीत शिरते आणि तेथेच अडकते, म्हणून वरून घासले तरी निघत नाही.

या सर्व कामाचा क्रम सुरीकार आणि नक्षीकार यांनी आधीच ठरवावा लागतो. बोल्स्टरचे स्क्रू, बिजागरीचा आस आणि कडांची गोलाई नक्षीपूर्वीच अंतिम स्वरूपात यावी लागते, कारण कोरून झाल्यावर पृष्ठभागावर पुन्हा पॉलिश फिरवले, तर प्रत्येक कापाची धारदार कड गोल होते आणि प्रकाश तेथून विस्कटतो.