हळदीचे गाव माती सांगते

ठाण्याच्या नौपाड्यातले गिऱ्हाईक पुडीवरचे ‘सांगली’ हे नाव वाचून हळदीचे पैसे मोजते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले; पण त्या नावावर बाहेरचा माल खपला, तर तोटा उसाबरोबर हळद करणाऱ्या आपणा सभासदांचाच.

अशा वेळी माती साक्ष देते. पीक मुळांवाटे स्ट्रॉन्शियम हे द्रव्य घेते. त्यातील ८७ व ८६ वजनाच्या अणूंचे गुणोत्तर आपल्या काळ्या, बेसाल्टी मातीत कमी, तर तेलंगणातल्या ग्रॅनाइटच्या मातीत सहसा जास्त. तेच हळदीत उतरते. प्रयोगशाळेत ते मोजून खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहता येते.

मात्र सुपर फॉस्फेट, जिप्सम, पाणी यांतूनही स्ट्रॉन्शियम येते. तेव्हा सभासद बंधूंनो, आमचे सांगणे एवढेच : शेतवार खतपाण्याची नोंद ठेवा अन् थोडी हळद नमुन्याला बाजूला काढा. उद्या वाद निघाला, तर हाच आपला पुरावा.