मागच्या चाकावरचं घर

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडात ज्या घरापुढे मालट्रक उभा असतो, त्या घराची सगळी घडी त्या ट्रकवर बसलेली असते. पोरांची फी, बँकेचा हप्ता, सासऱ्यांचं औषध, दिवाळीचे कपडे, सगळं भाड्यातूनच निघतं. गाडी चालवतो घरधनी, पण भाड्याच्या पैशातून महिना पार पाडते ती घरातली बाई. असं असूनही गाडीला काय झालं हे तिला कुणी धड सांगत नाही. "तुले काय समजते त्याच्यातलं?" हे वाक्य बचत गटाच्या बैठकीत इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं, की आज मुद्दाम त्यावरच लिहायचं ठरवलं. विषय आहे ट्रकचा मागचा एक्सल तुटण्याचा. नाव ऐकून पान उलटू नका. ज्या बाईला कुकरची शिट्टी ऐकून आत काय शिजलं ते कळतं, तिला हेही कळतं.

आपल्या आजीच्या काळातली बंडी आठवा. तिला आस असायचा आणि त्या आसावर दोन चाकं फिरायची. बंडीखाली वंगणाचं भांडं लटकलेलं असायचं. ओढायचं काम बैलांचं, आस फक्त भार सांभाळायचा. ट्रकमध्ये इंजिन पुढे आणि जोर लावायचा मागच्या चाकांनी. म्हणून गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट मागे जातो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा जो फुगीर गोळा दिसतो, ते डिफरन्शियल. त्याच्या आत क्राउन आणि पिनियन ही दातेरी चक्रं असतात. तिथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन लोखंडी दांडे चाकांपर्यंत जातात. त्यांना हाफ शाफ्ट म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये नुसतं 'एक्सल'.

मोठ्या ट्रकमध्ये मालाचं ओझं बाहेरचं जाड हाउसिंग आणि बेअरिंग सोसतात, आतला दांडा फक्त चाकाला पीळ देतो. म्हणून दांडा तुटला तरी चाक लगेच निखळून पडत नाही. गाडी मात्र जागची हलत नाही. इंजिन चालतं, गिअर पडतो, पण सगळा जोर तुटलेल्या बाजूला वाया जातो.

मागच्या अंबिया बहारात हे आमच्या घरी झालं. माझ्या दिरांची सहाचाकी आहे. वरुडकडून संत्री भरून, अमरावती-बडनेरा मागे टाकून ते अकोल्याकडे निघाले होते. मानाच्या अलीकडे एका ढाब्यावर चहा घेऊन गाडी काढली आणि मागून 'खट्ट' आवाज आला. रात्रीचे साडेअकरा. फोन घरी आला तेव्हा मी धाकट्या जाऊबाईंजवळच बसले होते. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, पण गाडीच्या कागदांची फाइल त्यांच्याच कपाटात असते. त्यांनी रडारड केली नाही.

"गाडी रोडावर हाय का खाली?"

"खाली घेता आली थोडी. ढाब्याचा उतार होता म्हणून. पन आता हालत नाही."

"चाकाले गोटे लावले काय?"

"लावले दोन."

"अजून दोन लावा. आन् अवो, तुम्ही रातच्याला गाडीखाली नका जाऊ. आपल्याला संत्र्याचे पैसे नंतर पाहता येतीन."

त्यांचा गोट्यांचा आग्रह अगदी बरोबर होता. एरवी उभी गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन चाकांना धरून ठेवतं. एक्सल तुटल्यावर तो धागाच तुटतो. गिअर पडलेला असतो, पण चाकं मोकळी. उतारावर भरलेली गाडी नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहते. म्हणून चाकांना भक्कम अडण लावणं हे पहिलं काम. दुसरं काम मागून येणाऱ्याला दिसेल असं करणं. गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवायचे, लाल त्रिकोण गाडीपासून बऱ्याच अंतरावर मागे लावायचा आणि माणसांनी गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी झाडाच्या फांद्या आणि दगड मांडायची रीत आहे. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पहाटे दूध घेऊन येणारा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. आपल्या माणसाला एवढं सांगाच की निघताना दगड उचलून बाजूला टाक.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. तो ट्रकच्या केबिनमध्ये आणि आपल्या घरी, दोन्हीकडे लिहिलेला असावा.

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी भाकरी बांधून तिथे पोहोचलो. तोवर जाऊबाईंनी व्यापाऱ्याला फोन करून दुसरी गाडी मागवली होती. क्रेट त्या गाडीत चढले आणि माल वाचला. भाड्यातला मोठा हिस्सा त्या गाडीला गेला, पण व्यापाऱ्याशी संबंध टिकले. मग मूर्तिजापूरचा मेकॅनिक आला. त्यानं चाकाच्या मधले बोल्ट काढून तुटका दांडा बाहेर ओढला. आत अडकलेला तुकडा काढायलाच जास्त वेळ गेला. डिफरन्शियलमध्ये लोखंडाचा कीस राहिला तर चांगली चक्रंही खराब होतात, म्हणून ते उघडून साफ केलं आणि तेल नवं भरलं.

मग त्यानं तुटलेलं तोंड आम्हाला दाखवलं. "बाई, हे आज नाही तुटलं," तो म्हणाला. खरंच, एका बाजूचा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, उरलेला ताजा, दाणेदार, चकाकणारा. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती कितीतरी दिवस थोडी थोडी आत सरकत होती. उरलेलं लोखंड त्या रात्री सुटलं. तारेचा तुकडा आपण पुन्हा पुन्हा वाकवला की तो एकदम तुटतो, पण थकतो आधीपासून. तसंच हे.

ही चीर पडते कशानं? पहिलं कारण ओझं. दुसरं आपली काळी माती. पावसाळ्यात बागेत, शेतात भरलेली गाडी रुतते. ड्रायव्हर रेस देतो, चाक गरगर फिरतं आणि खालचा दगड लागला की एकदम पकडतं. तो झटका थेट एक्सलला बसतो. दिरांना आठवलं, श्रावणात गाडी अशीच दोनदा रुतली होती. तिसरं कारण वंगण. तेल कमी झालं, सील फाटलं, बेअरिंग कोरडं पडलं, की लोखंड लोखंडाला खातं.

पूर्वी सगळा दोष रस्त्यावर जायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अमरावती-अकोला रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ३ ते ७ तारखेदरम्यान सलग ७५ किलोमीटर एका लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. लोणी ते माना असा तो पट्टा. त्याच पट्ट्याच्या टोकाला आमची गाडी बसली, आणि चीर तर रुतलेल्या बागेतून आलेली होती.

आता ओझ्याबद्दल. भाडं टनावर ठरतं, म्हणून "दोन टन जास्त घे" म्हणणारा व्यापारी आणि "घेतो" म्हणणारा गाडीवाला, दोघंही खूश असतात. २०१८ साली केंद्र सरकारनं चार टायरच्या मागच्या एका एक्सलवरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. मर्यादा वाढली, पण रस्त्यावर धावत असलेल्या जुन्या गाडीचं लोखंड त्या दिवशी जाड झालं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमात जादा ओझ्याचा दंड २ हजारांवरून २० हजार रुपये झाला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार. म्हणजे दोन टनांच्या लोभाला २४ हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. हा दंड चालवणाऱ्यालाच नाही, तर चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. गाडी तुमच्या नावावर असेल तर हे नीट वाचा.

विम्याचंही तसंच. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज धरलेली नसते. एक्सल आपोआप तुटला तर खर्च आपल्याच खिशातून जातो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पॉलिसीतला १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्यासाठी असतो. कर्जासाठी गाडी बायकोच्या नावावर आणि चालवतो नवरा, अशी घरं माझ्या ओळखीत बरीच आहेत. तिथे नवऱ्याला ते संरक्षण मिळत नाही. एजंटला स्पष्ट विचारून चालकाचा वेगळा विमा घ्यावा.

गाडी घरी आली की या खुणा विचारायच्या किंवा स्वतः पाहायच्या:

* वेग वाढला की मागून घोंघावल्यासारखा आवाज येतो का? क्लच सोडताना 'खट्' होतं का?
* भोपळ्याखाली किंवा चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ आहेत का? ते तेल ब्रेकवर गेलं तर ब्रेक लागत नाही.
* फेरीनंतर एखाद्या चाकाचा मधला भाग इतरांपेक्षा जास्त तापतो का, जळका वास येतो का? हात जवळ नेऊन पाहायचं, टेकवायचा नाही.
* मागचे टायर एकाच बाजूनं झिजतात का? हाउसिंग वाकलेलं असू शकतं.
* चाकाच्या मधले बोल्ट वारंवार ढिले होतात का?

पाचांपैकी एकही 'हो' आलं तर पुढची फेरी गॅरेजची.

आमच्या गटात गाडी असलेल्या सहा जणी आहेत. दर फेरीच्या भाड्यातून थोडे पैसे बाजूला काढून त्यांनी गाडीचा वेगळा डबा केला आहे. जाऊबाईंच्या हाफ शाफ्टचे पैसे त्यातूनच आले, सावकाराकडे जावं लागलं नाही. नंतर तुरीच्या हंगामात अकोल्याच्या एका दालमिलचा माल भरताना पुन्हा जादा ओझ्याचा आग्रह झाला. दिरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊ, आमच्या आरसी बुकात जेवढं हाय तेवढंच. बाकीचं दुसऱ्या गाडीत टाका." तो माणूस हसला. माल मात्र तेवढाच भरला गेला.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. आरसी बुक काढा. त्यात गाडीचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. मोठ्यातून छोटं वजा करा. उरलेला आकडा म्हणजे तुमच्या गाडीनं वाहायचा माल. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसच्या नोंदीशेजारी मोठ्या अक्षरात लिहा. आणि घरधनी फेरीहून आले की चहासोबत वजनकाट्याची पावती मागायला लागा.