जिन्यातल्या दिव्याला काय दिसतं?

माणूस आला की आपोआप लागणारे दिवे आता पुष्कळ ठिकाणी असतात. सोसायटीच्या जिन्यात, पार्किंगमध्ये, कुणाच्या घरी बाथरूममध्येसुद्धा. आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही घरोघरी त्याच! पायरीवर पुस्तक वाचत बसावं, तर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत दिवा गुल. मनीमाऊ गेली, की मात्र लख्ख उजेड. मे महिन्याच्या उकाड्यात तर समोरून चालत गेलं तरी दिवा लागत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "बिघडलाय, बदलून टाका."

थांबा, थांबा! आधी त्या दिव्याला दिसतं तरी काय, ते बघू या.

दिव्याजवळ एक छोटा पांढरा घुमट असतो, पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून चिकटवल्यासारखा. त्याच्या आत असतो पीआयआर सेन्सर. त्याला ना तुमचा चेहरा दिसतो, ना शर्टाचा रंग. त्याला कळते फक्त ऊब!

ऊब दिसते कशी? 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि त्या रंगांत थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात जास्त चढला. तेच हे अवरक्त किरण. ते तुमच्या-माझ्या अंगातूनही सतत बाहेर पडत असतात, अगदी काळोखातसुद्धा.

सेन्सरमध्ये खास स्फटिकाचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांच्यावर पडणारी ऊब बदलली, की त्यांच्यात इवलीशी वीज तयार होते. नुसती ऊब असून चालत नाही हं, ती बदलायला हवी. शिवाय हे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोली हळूहळू तापली तर दोघांची वीज एकमेकींना खोडून टाकते. तुम्ही समोरून गेलात, तर ऊब आधी एका तुकड्यावर पडते आणि मग दुसऱ्यावर. बस्स, दिवा लागला!

घुमटावरच्या रेघा नीट बघितल्यात का? ती खूप छोटी छोटी भिंगं आहेत. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी दीपगृहांसाठी जी पातळ भिंगं बनवली, त्यांच्याच जातीची. ती समोरच्या जागेचे पट्टे पाडतात, म्हणून एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेलेली ऊब लगेच कळते.

आता तक्रारी सोडवू. वाचत बसलेला माणूस उबदार आहे, पण हलत नाही. म्हणजे सेन्सरच्या लेखी तो नाहीच. मांजर उबदारही आहे आणि चालतंयही. आणि मे महिना? आपली त्वचा साधारण 33-34 अंश सेल्सिअस असते. जिन्याची भिंतही तापून तेवढीच झाली, तर भिंतीपुढचा माणूस सेन्सरला वेगळा कळणार कसा? मला तर हे उत्तर फार आवडतं. दिवा धडधाकट आहे, फक्त उन्हाळ्याने माणसाला भिंतीत मिसळून टाकलंय!

काही दिवे संध्याकाळी लागतात-विझतात, लागतात-विझतात. त्यांच्यात उजेड ओळखणारा आणखी एक सेन्सर असतो. अंधार पडला की तो दिवा लावतो. मग त्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडतो आणि त्याला वाटतं, दिवस उजाडला! इथे नवा दिवा आणून काही होणार नाही. त्या सेन्सरचं तोंड दिव्याच्या उजेडापासून दुसरीकडे वळवायला हवं.

बऱ्याच सेन्सरवर फिरवायची छोटी बटणं असतात. एकाने ठरतं किती लांबचं कळावं, दुसऱ्याने दिवा किती वेळ राहावा. वाचणाऱ्यांसाठी वेळ वाढवायची, की झालं. मात्र एका वेळी एकच बटण फिरवायचं. दोन्ही एकदम फिरवलीत, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही. आणि हे काम मोठ्यांनीच, मेन स्विच बंद करून करायचं. घरातली वीज 230 व्होल्टची असते, तिच्याशी खेळ नको.

नव्या काही घरांत रडारचे सेन्सरही बसवतात. ते बारीक रेडिओलहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून श्वास घेताना हलणारी छातीसुद्धा ओळखतात. पण फिरणारा पंखा आणि हलणारा पडदाही त्यांना दिसतो! म्हणून काही जण दोन्ही सेन्सर जोडीने वापरतात: दिवा लावायचा पीआयआरने, चालू ठेवायचा रडारने.

संध्याकाळी एक गंमत करा. दिवा विझल्यावर आधी सेन्सरच्या दिशेने सरळ, सावकाश चालत जा. पुन्हा विझू द्या, मग तेवढ्याच अंतरावरून आडवे चाला. कोणत्या वेळी दिवा लवकर लागतो? पट्टे आठवा आणि मला कारणासकट कळवा.